चौकटीतील माणूस कुणाचा?

उपनगरांतील सभागृहांत आणि महाविद्यालयांच्या दालनांत अलीकडे छायाचित्रांची प्रदर्शने वारंवार भरू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. चित्रकलेसाठी दक्षिण मुंबईची वाट धरावी लागे, ते दिवस मागे पडले. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ज्या तरुणाच्या हाती बरा कॅमेरा येतो, तो एखाद्या रविवारी तरी झोपडपट्टीत, रेल्वेरुळांच्या कडेला किंवा कचऱ्याच्या ढिगावर जाऊन येतोच. मग भिंतीवर चौकटी लागतात. सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी, सार्वजनिक नळाखाली न्हाणारे उघडे पोर, पाठीवर गोणी वाहणारी कचरावेचक स्त्री. खाली पाट्या असतात : 'वार्धक्य', 'निरागसता', 'संघर्ष'. छायाचित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत असते, कॅमेऱ्याचे आणि भिंगाचे नावही असते. पत्ता नसतो तो चित्रातील माणसाच्या नावाचा.

या एका उणिवेविरुद्ध आमची तक्रार आहे आणि ती आम्ही येथे विस्ताराने मांडणार आहोत. ती वरवरची नाही. ज्या माणसाच्या दुःखावर आपण भाष्य करतो, त्याचे नाव विचारण्याइतकीही उसंत आपल्याला नसेल, तर आपण त्याच्या दुःखावर बोलत नसून त्याच्या दुःखाचा वापर करीत आहोत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या विषयावर सामान्यतः दोन पक्ष ऐकू येतात. पहिला रसिकांचा. त्यांच्या मते छायाचित्र ही कला आहे. प्रकाश, सावली, रचना आणि क्षण यांच्यापलीकडे तिला दुसरा कायदा नाही. चित्रातील माणूस म्हणजे रचनेतील एक घटक. दुसरा पक्ष देशाभिमान्यांचा. आपली घाण जगाला का दाखवावी, असे तो विचारतो. त्याला झोपडपट्टीचे प्रत्येक चित्र म्हणजे बदनामी वाटते. वरवर हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. पण खोलात गेल्यास दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे : त्या माणसाला काय वाटते, हे दोघेही विचारत नाहीत. एकाला त्याचा चेहरा हवा आहे, दुसऱ्याला तो चेहरा नको आहे. त्याची सुखदुःखे दोघांच्याही हिशेबात नाहीत.

ही खोड आजची नव्हे. या शहरात छायाचित्रणाची कला आली तेव्हापासून ती सोबत आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. युरोपीय मंडळींबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे एतद्देशीय विद्वानही तिच्यात होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. याच सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माणसांची चित्रे वेगळी घेतली गेली आणि मग त्या आकृती निराळ्याच देखाव्यांच्या पार्श्वभूमीवर जोडण्यात आल्या. माणूस एकीकडचा, त्याच्या मागचा रस्ता नि देऊळ दुसरीकडचे. चित्राखाली जात लिहिली गेली, नाव नव्हे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले, त्यांचीही तऱ्हा बहुतांशी तीच. १८५७ चे बंड मोडून काढलेल्या राज्यकर्त्यांना प्रजा ओळखायची होती, पण ती नमुन्यांच्या रूपाने. माणसांच्या रूपाने नव्हे.

याच वृत्तीचा कळस १८७६-७८ च्या दुष्काळात झाला. त्या दुष्काळाने आपल्या दख्खनचीही हाडे मोजली होती. मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या एका सैनिकी अधिकाऱ्याने उपासमारीने सांगाडे झालेल्या माणसांना ओळीने बसवून, उभे करून त्यांची छायाचित्रे घेतली. शरीर उभे राहू शकत नाही अशा माणसाला चौकटीत नीट बसवण्यासाठी सावरणारा हात त्याच्या तोंडी घास देण्यासाठी पुढे झाला होता काय, हा प्रश्न ती चित्रे पाहणाऱ्याच्या मनात उठल्यावाचून राहत नाही. पुढे १८८६ साली ब्रह्मदेशात देहान्त शासन होत असताना ते टिपण्याच्या त्याच्या हव्यासावरूनही मोठे काहूर उठले. चित्रे अस्सल होती यात शंका नाही. पण चित्र अस्सल असणे म्हणजे ते सत्याच्या बाजूचे असणे नव्हे.

तर मग उपासमारीचे चित्र काढूच नये काय? काढावे, अवश्य काढावे. त्याचा दाखलाही आपल्याकडेच आहे, आणि त्याचा एक धागा तर थेट अंधेरीत येऊन पोहोचतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हे तरुण छायाचित्रकार आणि चित्तप्रसाद भट्टाचार्य हे चित्रकार गावोगाव हिंडले. एकाच्या हाती कॅमेरा, दुसऱ्याच्या हाती शाई. जाना यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साम्यवादी पक्षाच्या पत्रात छापली गेली. चित्तप्रसाद यांची 'हंग्री बंगाल' ही पुस्तिका इंग्रज सरकारला इतकी झोंबली, की तिच्या प्रती जप्त करून जाळण्यात आल्या. पुढे १९४६ च्या सुमारास चित्तप्रसाद मुंबईस आले आणि आयुष्याचा मोठा काळ त्यांनी अंधेरीत लहानशा जागेत हलाखीत काढला. बालमजुरांवरील त्यांची लिनोकट चित्रे याच काळातली. आज अंधेरीच्या किती रहिवाशांना हे नाव ठाऊक आहे, हा निराळा प्रश्न.

साम्यवाद्यांचे विचार आम्हांस मान्य नाहीत, हे सांगण्याची गरज नसावी. पण सत्य कुणाच्या तोंडून आले यावरून त्याचे मोल ठरत नाही. हूपरच्या चित्रात आणि जाना यांच्या चित्रात देह तेच आहेत, बरगड्या त्याच आहेत. फरक कोठे आहे? हूपरचे चित्र 'हे पाहा' एवढेच म्हणते. जाना यांचे चित्र 'हे का झाले आणि कुणामुळे झाले' असे विचारते. ते वर्तमानपत्रात छापले गेले, त्याच्या शेजारी धान्याच्या साठेबाजीचा आणि सरकारी बेपर्वाईचा वृत्तान्त होता, आणि ते पाहणाऱ्याने काही करावे अशी अपेक्षा होती. दुःखासोबत दुःखाचे कारण सांगितले, तरच छायाचित्राला भाष्य म्हणता येते. कारण वगळून केवळ दुःख दाखवणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने भीक मागणे होय, आणि तीही स्वतःच्या झोळीत.

येथे रसिक एक आक्षेप घेतील व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतील, 'सौंदर्य नसेल तर चित्राकडे पाहील कोण? वृत्तान्त लिहायचा तर लेख लिहा, कॅमेरा कशाला?' यातील अर्धे आम्हांला मान्य आहे. सौंदर्य हा गुन्हा नव्हे. ब्राझीलचे विख्यात छायाचित्रकार सबास्तियाँव सालगादो यांच्यावर, ते दैन्याला देखणे करतात, असा आरोप जन्मभर होत राहिला. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले तेव्हाही तो पुन्हा ऐकू आला. त्या आरोपात आम्हांला फारसे तथ्य दिसत नाही. १९९५ साली त्यांनी चर्चगेट स्थानकाचे एक छायाचित्र घेतले. लोकलगाड्या फलाटांना लागून स्थिर उभ्या आहेत आणि त्यांतून उतरलेली माणसे एखाद्या नदीच्या पुरासारखी धूसर होऊन वाहत आहेत. चित्र अतिशय सुंदर आहे. पण ते खोटे नाही. बोरिवली, कांदिवली, अंधेरी येथून रोज सकाळी त्या फलाटावर उतरणाऱ्या आपल्या भावाबहिणींना ते शहर याच रूपात पाहते : ओघ म्हणून, व्यक्ती म्हणून नव्हे. सालगादो मूळचे अर्थशास्त्रज्ञ. माणसे गाव सोडून शहराकडे का लोटली जातात, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अनेक देशांत हिंडून पाठपुरावा केला आणि ते चित्र त्या दीर्घ अभ्यासाचे एक पान आहे. एका रविवारच्या फेरफटक्याचे ते फळ नव्हे. तेव्हा आमचा वाद सौंदर्याशी नाही. आमचा वाद घाईशी आणि अनामिकतेशी आहे.

आता आपल्या शहरातील एका मराठी माणसाच्या कामाकडे येऊ. सुधारक ओलवे हे मूळचे अकोल्याचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ते मुंबईच्या वृत्तपत्रांत छायापत्रकार म्हणून काम करू लागले. २००० सालाच्या आसपास त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांवर कॅमेरा रोखला. की खरे तर कॅमेरा घेऊन ते त्यांच्यात जाऊन राहिले, असे म्हणावे? त्या वेळी या शहरात सुमारे तीस हजार सफाई कामगार होते आणि त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील होते. आपण दाराबाहेर डबा ठेवतो आणि विसरतो. तो डबा पुढे कुठे जातो, कोणाच्या हातांनी जातो, तुंबलेल्या गटारात उघड्या अंगाने कोण उतरतो, हे ओलवे यांनी दाखवले. ते तेथेच थांबले नाहीत. ते कामगारांच्या घरात गेले. दुर्गंधी सोसण्यासाठी घेतलेली दारू पुढे घर कशी खाते, कामगार अकाली गेल्यावर त्याच्या विधवेला किंवा मुलाला वारसाहक्काने तीच नोकरी कशी पत्करावी लागते, हे त्यांनी टिपले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरीची हमी दिली, हा कुटुंबाला मोठाच आधार. पण तोच आधार झाडूही पिढीजात करतो. हे कोडे एका चौकटीत मावत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच दारात जावे लागते.

ती छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांत रचना आहे, प्रकाशाची जाण आहे, कलेच्या कोणत्याही कसोटीवर ती उतरतात. २००५ साली नॅशनल जिओग्राफिकने त्यांचा गौरव केला, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस' या नावाने ते काम ग्रंथरूपातही आले. परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते पारितोषिक नव्हे. त्या चित्रांतील माणूस कॅमेऱ्याकडे पाहतो तेव्हा तो आपल्याकडे दयेची याचना करीत नाही. तो आपल्याला ओळखतो. 'तुमचाच कचरा आहे,' असे जणू तो म्हणतो. दयेचे चित्र पाहणाऱ्याला मोठे करते, न्यायाचे चित्र पाहणाऱ्याला उत्तरदायी करते. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याला सामाजिक छायाचित्रणाचे मर्म कळले.

कुणी म्हणेल, चित्रांनी काय साधले? हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, १९९३ चा अपुरा ठरला म्हणून २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारांत माणसे गुदमरून मरतच आहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम नोकरीचा हक्क मिळाला. तो लढा कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे न्यायालयात लढवला आणि त्याचे श्रेय तिचेच आहे. छायाचित्र न्यायालयाची पायरी चढत नाही, संपही करत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या शहराने एखाद्या वर्गाला पाहण्याचेच नाकारले आहे, त्या शहराला तो दिसू लागणे ही न्यायाची पहिली अट आहे. न दिसणाऱ्या माणसाचा हक्क कोण मान्य करील?

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण भाबडेपणाने म्हणतो. कॅमेरा बोलतच नाही. बोलतो तो चौकट ठरवणारा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात काय घडले, हे या उपनगरांत त्या काळी राहणारा कोणीही विसरू शकणार नाही. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे दिसले, संतप्त वस्ती रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पुढे आले आणि टँकरची दृश्ये त्यासाठी पुढे करण्यात आली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हे समर्थन मान्य केले नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यास जन्मठेपही ठोठावली. त्याच दिवसांत मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी या घटनेच्या वेदनेत आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्या वस्तीत, त्या शाहिराच्या घरात, त्या गाण्यांच्या मागे चौदा वर्षे कॅमेरा नेला, तेव्हा कोठे २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पुरा झाला. एका बाजूला घाईने पुढे केलेली काही क्षणांची दृश्ये, दुसऱ्या बाजूला चौदा वर्षे. सत्याला वेळ लागतो. असत्याला तेवढा धीर नसतो.

आणि कॅमेरा खरा साक्षीदारही होऊ शकतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्यांचा वर्षाव चालू असताना सेबॅस्टियन डिसोझा हे छायापत्रकार पळून न जाता स्थानकात शिरले आणि बंदूक घेतलेल्या कसाबचे छायाचित्र त्यांनी टिपले. पुढे विशेष न्यायालयात त्यांनी साक्ष दिली आणि ती छायाचित्रे पुराव्यात दाखल झाली. येथे कुणी आम्हांला पेचात पकडू पाहील : 'तुम्ही म्हणता, नाव विचारा, परवानगी घ्या. डिसोझांनी त्या दहशतवाद्याची परवानगी घ्यायची होती काय?' मुळीच नाही. आमचा आग्रह दुर्बलांपुरता आहे. ज्याच्या हाती शस्त्र आहे, सत्ता आहे, लाठी आहे, त्याच्या कृत्याला गुप्ततेचा हक्क नाही. बलवंताच्या कृत्याचे चित्र न विचारता काढावे. दुर्बलाच्या वेदनेचे चित्र विचारल्यावाचून काढू नये. आपल्याकडे बहुधा याच्या उलट चालते. अधिकाऱ्याचा फोटो त्याची वेळ घेऊन, गळाबंद कोट ठीक करून काढला जातो. फुटपाथवर निजलेल्या आईचा मात्र ती निजलेली असतानाच.

न विचारता काढलेल्या चित्राची किंमत कोण मोजतो, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा उत्तरार्ध फारसा कुणी सांगत नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून जिवाची याचना करणाऱ्या कुतुबुद्दीन अन्सारी या शिंप्याचे छायाचित्र अर्को दत्त यांनी टिपले. ते जगभर छापले गेले. ते काढले यात वावगे काही नव्हते. उलट त्या क्षणी ते काढणे हे कर्तव्यच होते. पण पुढे काय झाले? अन्सारी जिवंत राहिले आणि त्यांचा चेहरा त्यांचा राहिला नाही. जो तो आपापल्या कारणासाठी तो वापरू लागला. ओळख पटली की काम जाई, लोक कुजबुजत. ते आधी मालेगावास गेले, पुढे कोलकात्यास, आणि अखेर परत अहमदाबादेस आले. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी काढलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र महामंदीचे प्रतीक म्हणून शाळेच्या पुस्तकांत गेले. त्या मातेचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते जगाला कळायला १९७८ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल बेचाळीस वर्षे, आणि तेव्हाही तिच्या बोलण्यात कृतज्ञता नव्हती, कडवटपणा होता. प्रतीक होणे हा मान आहे, असे ज्यांना कधी प्रतीक व्हावे लागले नाही त्यांनाच वाटते.

मराठीत आपण चित्र 'काढतो' तसा फोटोही 'काढतो'. आणि 'काढून घेणे' म्हणजे हिरावणे. दोहोंत एका क्रियापदाचे अंतर आहे. ते अंतर राखणे हे छायाचित्रकाराचे शील होय.

गरिबांना छायाचित्राचे मोल कळत नाही, असा कोणाचा समज असेल तर तो उपनगरांतील वस्त्यांत कधी बसला नसावा. ४ जानेवारी १९७६ रोजी राज्य सरकारने एका दिवसात झोपडपट्ट्यांची गणना केली आणि नोंद झालेल्या कुटुंबांना छायाचित्र असलेले ओळखपत्र दिले. वस्तीची भाषा त्याला 'फोटोपास' म्हणते. आमच्या सेवाकाळात हा फोटोपास आम्ही असंख्य घरांत पाहिला आहे. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेला. पावसात पाणी शिरले की बाई आधी लेकराला उचलते आणि मग ती पिशवी. पुढे पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ ची आणि मग १ जानेवारी २००० ची तारीख ठरली, तेव्हा आपण या तारखेआधी येथे होतो हे सिद्ध करण्याची धडपड ज्यांनी केली, त्यांना ठाऊक आहे की नाव, तारीख आणि जागा यांच्यासह असलेला एक मळकट फोटो म्हणजे डोक्यावरचे छप्पर. नावाशिवायचा फोटो त्यांच्या लेखी शून्य. आता ताडून पाहा. पालिकेच्या कारकुनाने घाईघाईत काढवलेल्या, कलाशून्य फोटोत त्या बाईचे नाव आहे, पतीचे नाव आहे, झोपडीचा क्रमांक आहे. आणि सभागृहाच्या भिंतीवर प्रकाशयोजनेसह टांगलेल्या देखण्या चित्रात ती 'संघर्ष' आहे. या दोघांत तिचा मान अधिक कोणी राखला? सरकारी कारकुनाने कलावंताला हरवावे, यासारखी कलेची दुसरी नामुष्की नाही.

हा विषय आता मूठभर छायाचित्रकारांपुरता राहिलेला नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. २०२० च्या टाळेबंदीत तांदूळडाळीचे वाटप करणारे हात किती होते आणि त्या हातांचे फोटो किती होते, हे आठवावे. घेणारा मान खाली घालून उभा, देणारा कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहे, आणि पाच किलोच्या पिशवीला पाच जणांचे हात लागले आहेत. जून महिन्यात वह्यावाटपाचे फलक नाक्यानाक्यावर झळकतात. त्यांत वही घेणाऱ्या मुलाचा चेहरा पुढाऱ्याच्या पोटाआड गेलेला असतो. राजकारण्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सेवेचे व्रत घेतलेल्या कितीतरी संस्थांची, त्यांत आपल्या धार्मिक संस्थाही आल्या, देणगीपत्रके चाळून पाहा. अनाथ बालकाचे मोठे डोळे मुखपृष्ठावर असतात. ते बालक उद्या वीस वर्षांचे होईल, नोकरीला लागेल, त्याचे लग्न ठरेल. तेव्हा ते पत्रक त्याच्या हाती कोणी ठेवले तर? डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दानाचा गाजावाजा करणाऱ्यांविषयी काय म्हटले आहे, हे आम्ही वाचकांना सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली समाजसंपर्क साधनांवरील आपल्या हुकूमनाम्यात कलेला नीतीच्या कक्षेबाहेर ठेवले नाही. तो हुकूमनामा जणू चित्रपट-वर्तमानपत्रांच्या मालकांसाठीच होता, अशा थाटात आपण वागतो. तो आपल्या खिशातल्या फोनलाही लागू आहे.

मग करावे काय? आमचे म्हणणे थोडके आहे. चित्र काढण्याआधी किंवा निदान काढल्यावर त्या माणसाचे नाव विचारावे आणि नाव छापावे की नाही, हेही त्यालाच विचारावे. तो नको म्हणाला तर कॅमेरा मिटावा. नकार देण्याचा अधिकार फक्त श्रीमंतांचा नाही. चित्राची एक प्रत त्याला नेऊन द्यावी. जो प्रत द्यायला परत जातो त्याला वस्तीचा दुसरा चेहरा दिसतो आणि त्याचे पुढचे चित्र आपोआप अधिक खरे होते. दुःख दाखवल्यास त्याचे कारणही शब्दांत सांगावे. दान देताना घेणाऱ्याचा चेहरा टिपू नये. मुलांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी घ्यावी. यात कलेचा गळा कोठे आवळला जातो, हे आम्हांला कळत नाही. रात्र रात्र गटाराकाठी काढणाऱ्या छायाचित्रकाराला हे नियम कोणी शिकवले नव्हते. नात्यातून ते त्याला आपसूक सुचले.

उपवासकाळात दर शुक्रवारी आपण क्रूसाची वाट चालतो. सहाव्या स्थानाशी वेरोनिका उभी आहे. परंपरा सांगते, की गर्दीतून पुढे होऊन तिने प्रभूचा रक्ताघामाने माखलेला चेहरा पुसला आणि त्या वस्त्रावर त्याची प्रतिमा उमटली. क्रम ध्यानात घ्यावा. ती प्रतिमा मिळवायला गेली नव्हती. शिपायांना न भिता ती चेहरा पुसायला गेली, आणि प्रतिमा तिला नंतर लाभली. त्या रस्त्यावर बघे पुष्कळ होते. त्या दिवशी त्यांच्यापाशी कॅमेरे असते तर त्यांना उत्तम चित्रे मिळाली असती यात संशय नाही. तरीही आज नाव उरले आहे ते वस्त्र घेऊन पुढे झालेल्या बाईचे.

तेव्हा वाचकांस, विशेषतः आमच्या तरुण वाचकांस, एकच विनंती. पुढच्या वेळी एखाद्या प्रदर्शनात 'वार्धक्य' अशी पाटी लावलेले चित्र दिसले, तर त्याच्यापाशी थांबा. रचनेची तारीफ करा, ती खरोखर तारीफ करण्याजोगी असेल. मग छायाचित्रकार जवळपास असेल तर त्याला नम्रपणे विचारा : या आजींचे नाव काय? त्या कोठे राहतात? हे चित्र त्यांनी पाहिले आहे काय? तीनांपैकी एकाचेही उत्तर त्याच्यापाशी नसेल, तर त्याला त्या वस्तीत पुन्हा एकदा जाऊन यायला सांगा, आणि जमले तर त्याच्यासोबत तुम्हीही जा.